डायनोसॉरचा दर्प, वाघाचा आंबेमोहर

नामशेष झालेल्या प्राण्यांचे वास कृत्रिमरीत्या तयार करून वस्तुसंग्रहालयांनी ते प्रेक्षकांना हुंगायला द्यावेत का, हा वाद गेली पंचवीसेक वर्षे अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन विरतो. २००१ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने गुरगुरणारा, मान वळवणारा यांत्रिक टी. रेक्स, म्हणजे टायरानोसॉरस रेक्स हा अजस्र मांसाहारी डायनोसॉर, दालनात उभा केला, तेव्हा त्याच्या जोडीला त्याचा वासही हवा म्हणून वास बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीकडून कुजक्या मांसाचा दर्प तयार करून घेण्यात आला. तो इतका असह्य निघाला की अखेर तो बाजूला ठेवून दलदलीचा सौम्य वास पसरवण्यात आला. शिकागोच्या फील्ड म्युझियमने आपल्या प्रसिद्ध ‘स्यू’ या टी. रेक्सचे दालन २०१८ मध्ये नव्याने मांडले; त्या दालनात डोळ्यांखेरीज इतर इंद्रियांचाही विचार झाला आणि त्यात नाकही आले. अशी बातमी आली की एक बाजू म्हणते, हा जत्रेतला खेळ झाला. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या प्राण्याचा वास कोणाला ठाऊक असणार? दुसरी बाजू म्हणते, मुले हरखून जातात, दारात रांग लागते, तुमच्या पोटात का दुखते? दोन्ही बाजूंना वाटते की आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहोत. प्रत्यक्षात वास ही वरून लावायची सजावट आहे, एवढे दोघांनीही धरूनच चाललेले असते. एकाला ती सजावट खपत नाही आणि दुसऱ्याला ती हवी असते, इतकाच फरक.

माझे म्हणणे असे आहे की वास जरूर तयार करावेत, पण ते इतर कोणत्याही शास्त्रीय अनुमानासारखे मांडावेत: त्यामागचा पुरावा सांगून, पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो हे दाखवून, आणि उद्या तो वास बदलावा लागला तर बदलण्याची तयारी ठेवून. ही अट लावली की पुष्कळ वास दालनात येऊ शकतात. टी. रेक्सच्या तोंडाची ती सुप्रसिद्ध दुर्गंधी मात्र येऊ शकत नाही, आणि ती ज्या कारणाने येऊ शकत नाही ते कारण ‘रेणू उरले नाहीत’ हे नव्हे.

रेणू उरले नाहीत म्हणून वास खोटा, या युक्तिवादाचा आधी विचार करू. तो दिसतो तितका निर्णायक नाही, कारण तोच न्याय लावला तर दालनातले आणखी काय काय बाहेर काढावे लागेल? मॅमथच्या पुतळ्याचे डोळे, डायनोसॉरच्या कातडीच्या सुरकुत्या, भित्तिचित्रातला त्यांचा कळप, त्या कळपातली आई आणि पिल्लू, यांपैकी काहीही दगडातून जसेच्या तसे बाहेर आलेले नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या बागेत शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने डायनोसॉरांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. त्यांतला इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले आणि कळले की ते शिंग नाकावरचे नसून हाताच्या अंगठ्यावरचे अणकुचीदार हाड होते. पुतळे चुकले; पण त्या चुकीच्या पुतळ्यांनीच लाखो लोकांना पहिल्यांदा असा प्रश्न पाडला की पृथ्वीवर आपल्याआधी कोण राहत होते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतला टी. रेक्सही १९१५ पासून शेपटी जमिनीला टेकवून ताठ उभा होता. त्याला शेपटी उचलून आडवे व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. मग डोळ्याला ज्या चुका माफ, त्या नाकाला का नसाव्यात?

याला एक चोख उत्तर आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इग्वानोडॉनचे शिंग चुकीच्या जागी बसले, पण बसवायला ते हाड तरी होते. चूक सुधारता आली ती त्या हाडामुळेच. वासाला हाड नाही. ज्या रेणूंमुळे वास येतो ते हलके असतात, चटकन उडून जातात. उडून जातात म्हणूनच तर ते आपल्या नाकापर्यंत पोचतात. जो गुण वासाला वास बनवतो, तोच त्याला जीवाश्म होऊ देत नाही. टी. रेक्सच्या कवटीतील मेंदूच्या पोकळीचे मोजमाप करून शास्त्रज्ञांना सांगता आले आहे की गंध ओळखणारा त्याच्या मेंदूचा भाग चांगलाच मोठा होता. म्हणजे टी. रेक्सला वास किती येत असेल याचा अंदाज आपल्याला आहे, टी. रेक्सचा वास कसा येत असेल याचा नाही. (जो प्राणी नाकाने जगत होता, त्याला आपण काचेमागे केवळ डोळ्यांसाठी मांडतो, हेही जाता जाता नोंदवायला हवे.)

तरीही ‘काहीच उरत नाही’ हे विधान अतिव्याप्त आहे. इजिप्तच्या राजा दुसऱ्या आमेनहोतेपच्या दाईचे, सेनेतनायचे, अवयव ज्या बरण्यांमध्ये जतन केले होते, त्या पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना १९०० मध्ये सापडल्या. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेपाच्या खरवडलेल्या अंशांतून संशोधकांनी २०२३ मध्ये मधमाश्यांचे मेण, वनस्पतिजन्य तेल, डांबर आणि देवदारकुळातील झाडांची राळ असे घटक ओळखले, आणि त्यावरून तयार केलेला वास डेन्मार्कच्या एका संग्रहालयात लोकांना हुंगायला ठेवला गेला. ही माणसाने बनवलेली वस्तू, तीही तुलनेने कालची. पण २०१७ मध्ये जर्मनीतील मेसेल येथल्या चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या एका पक्ष्याच्या जीवाश्मात शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील स्निग्ध पदार्थांचे अवशेष मिळाले. पक्षी चोचीने पिसे सारखी करताना जे तेल पिसांना चोपडतात, त्याची ही ग्रंथी. मिळाले ते मेणासारखे जड रेणू होते, वास देणारे हलके रेणू नव्हेत. तरी इतक्या काळाने ग्रंथीतले रसायन आजूबाजूच्या दगडापासून वेगळे ओळखता येते, ही बाब वीस वर्षांपूर्वी कोणी मानली नसती. आणि एक वास तर असा आहे की तो डायनोसॉरांच्या नाकातही गेला असावा असे आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो: पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास. त्यातला जिओस्मिन हा रेणू मातीतले जे जिवाणू तयार करतात, त्यांचा वंश डायनोसॉरांहूनही जुना आहे. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच गंध चंदनाच्या तेलात उतरवतात. एखाद्या संग्रहालयाला क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या, काळाचा एखादा वास निर्धास्तपणे ठेवायचा असेल, तर तो कनौजला बाटलीत मिळतो.

आता प्राण्यांकडे वळू. लहानपणी एका संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते. काचेच्या कपाटाची एक कड निसटलेली होती, वाघाच्या डाव्या कानाच्या मागे शिवण उसवून आतले तांबूस काहीतरी दिसत होते, आणि त्या फटीतून डांबरगोळ्यांचा इतका उग्र वास येत होता की आजही कपाटात डांबरगोळी ठेवली की मला आधी तो वाघ आठवतो आणि मग लोकरीचे कपडे. म्हणजे माझ्या डोक्यातल्या वाघाला वास आहेच, फक्त तो नॅप्थलीनचा आहे. संग्रहालयात वास आणू नका म्हणणारे एक गृहीत धरतात की वास न आणलेले दालन निर्गंध असते, आणि निर्गंध म्हणजे निष्पक्ष. प्रत्यक्षात दालनाला फिनेलचा, जुन्या लाकडाचा, वार्निशचा, कुबट पडद्यांचा वास असतोच, आणि तोच गुपचूप प्राण्याला चिकटतो.

मग खऱ्या वाघाचा वास कसा असतो? हा प्रश्न मी ओळखीच्या अनेकांना विचारून पाहिला. उग्र, सडक्या मांसासारखा, रक्ताचा, अशी उत्तरे आली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या गंधाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वाघ आपल्या इलाख्याची हद्द दाखवण्यासाठी झाडांवर, झुडपांवर मागच्या बाजूने जो द्रव फवारतो, त्यात ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २-असिटिल-१-पायरोलीन हा रेणू सापडला. हाच रेणू बासमती तांदळाच्या सुवासाचा कर्ता आहे, आणि आपल्या आंबेमोहराचाही. जंगलात एखाद्या वळणावर अचानक नुकत्याच शिजलेल्या सुवासिक भाताचा दरवळ आला, तर तिथून वाघ गेला असण्याची शक्यता असते. या द्रवात अर्थातच अमोनियासारखे उग्र घटकही असतात. वाघ म्हणजे चालताबोलता भाताचा टोप असे कोणी समजू नये. पण ज्या प्राण्याबरोबर आपण हजारो वर्षे शेजारपाजाराने राहिलो, त्याच्या वासाचा आपला अंदाज इतका चुकतो, तर ज्याला कोणीही कधी पाहिले नाही त्याच्या बाबतीत आपण ज्या आत्मविश्वासाने ‘कुजके मांस’ असे सांगतो तो कुठून येतो?

तो भीतीतून येतो. मोठा मांसाहारी प्राणी, म्हणून घाण प्राणी, असे हे समीकरण आहे, आणि ते जिवंत प्राण्यांच्या बाबतीतही फसलेले आहे. इंडोनेशियातील कोमोडो घोरपडीच्या तोंडात सडक्या मांसामुळे घातक जिवाणू माजतात आणि तिच्या चाव्याने भक्ष्य सेप्टिक होऊन मरते, असे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. २००९ मध्ये तिच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखवून देण्यात आले; २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील घोरपडींच्या तोंडातले जिवाणू तपासले गेले तेव्हा ते अगदी सामान्य निघाले. ही घोरपड खाऊन झाल्यावर बराच वेळ ओठ चाटत, तोंड पाल्यापाचोळ्यावर घासत बसते. अनेक माणसांपेक्षा तिची सवय चांगली म्हणायची. टी. रेक्सच्या करवती दातांत मांसाचे तुकडे अडकून कुजत असावेत, ही १९९० च्या दशकात मांडली गेलेली कल्पना याच घोरपडीच्या कथेवर बेतलेली होती. मूळ कथाच ढासळली, पण दालनातला दर्प आणि माहितीपटातली लाळ राहिली. म्हणून या दुर्गंधीला माझा आक्षेप आहे. तिच्यामागे पुरावा कमी आहे एवढेच तिचे दुखणे नाही; प्रेक्षकाच्या मनात आधीच असलेला पूर्वग्रह उचलून तो विज्ञानाच्या नावाने त्याला परत विकणे, हे तिचे काम आहे.

आता विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. तो खरेपणाचा नसून स्मरणाचा आहे, आणि गंमत म्हणजे विरोधक तो क्वचितच मांडतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या योर्विक व्हायकिंग सेंटरमध्ये व्हायकिंगकालीन वस्तीतले वास पहिल्यापासून वापरले जातात. तिथे सहा-सात वर्षे आधी जाऊन आलेल्या लोकांना दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या प्रदर्शनाबद्दल प्रश्न विचारले. ज्यांना उत्तरे देताना तिथले ते विशिष्ट वास हुंगायला दिले होते, त्यांना तपशील अधिक आठवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वासाचे समर्थक मोठ्या उत्साहाने पुढे करतात. पण तो उलटा वाचून पाहा. वास इतका खोल रुजत असेल, तर चुकीचा वासही तितकाच खोल रुजणार. चित्राकडे आपण जरा अंतरावरून पाहतो, पाटी वाचतो, मान हलवतो, ‘हे काल्पनिक असावे’ असे मनाशी म्हणतो. वास ही उसंत देत नाही. तो आत शिरल्यावर आपण विचार करू लागतो. आपल्याला हे नवे नाही. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या प्रती लोणावळ्याजवळच्या मळवलीतील छापखान्यातून घराघरांत पोचल्या आणि लक्ष्मी-सरस्वती अशाच दिसतात, असेच साडीचे काठ आणि असेच चेहरे, हे कित्येक पिढ्यांच्या मनात इतके पक्के बसले की त्याआधीच्या शिल्पांतल्या देवी आज लोकांना अनोळखी वाटतात. एका प्रभावी प्रतिमेने बाकीच्या सगळ्या शक्यता झाकून टाकल्या. डायनोसॉरच्या वासाचे तसेच होणार नाही कशावरून?

एकच वास ठेवला तर तसेच होईल, हे मला मान्य आहे. म्हणून एकच वास ठेवू नये. हा उपाय माझ्या डोक्यातला नाही. तो एका फुलामुळे सापडलेला आहे. हवाईच्या माउई बेटावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर, जास्वंदीच्या कुळातले एक झाड होते. त्याचे शेवटचे झाड १९१२ च्या सुमारास मरणपंथाला लागलेले आढळले. हार्वर्ड विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात त्याचा वाळलेला नमुना होता. बोस्टनमधील गिन्को बायोवर्क्स या जैवतंत्रज्ञान कंपनीने त्यातून डीएनए काढून सुगंधी रेणू बनवणारी जनुके ओळखली, यीस्टमध्ये घालून ते रेणू तयार केले, आणि सिसेल टोलास या गंधसंशोधक कलावतीने अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांच्यासह २०१९ मध्ये त्यांपासून वास घडवून मांडले. मात्र जनुके सांगतात ती फक्त यादी: कोणते रेणू असू शकतील. त्यांचे प्रमाण जनुकांतून कळत नाही, आणि वासात प्रमाण हेच सर्वस्व असते. गोडा मसाला आणि काळा मसाला यांतल्या जिनसांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे याचा अर्थ स्वयंपाकघरातल्या कोणालाही समजेल. त्यामुळे त्या फुलाचा अमुकच एक वास असे न सांगता तो अनेक शक्यतांपैकी काहींच्या रूपात मांडला गेला. प्रेक्षकाला एकामागोमाग वेगवेगळे गंध येतात आणि त्यांतला खरा कोणता हे कोणीच सांगू शकत नाही, हेच तिथे त्याला समजते.

हीच पद्धत प्राण्यांना लावता येते, आणि डायनोसॉरांच्या बाबतीत तर तिला शास्त्रीय चौकटही तयार आहे. आज जिवंत असलेल्यांत डायनोसॉरांच्या दोन्ही बाजूंचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मगरी आणि पक्षी. पक्षी तर त्यांचे थेट वंशज. जे लक्षण दोघांतही आढळते ते डायनोसॉरांत असण्याची शक्यता फार मोठी, असे अनुमान पुराजीवशास्त्रज्ञ करतात. वासाच्या बाबतीत हे अनुमान अडते, कारण मगरीला हनुवटीखाली आणि शेपटीच्या मुळाशी कस्तुरीसारख्या उग्र गंधाच्या ग्रंथी असतात, तर पक्ष्याला पिसांच्या तेलाची ग्रंथी असते. दोघांची तऱ्हा निराळी. विरोधक म्हणतील, बघा, इथेच तुमचे विज्ञान संपले. मी म्हणेन, इथे दोन बरण्या ठेवा. एकीवर लिहा ‘मगरीच्या वळणावर गेला असेल तर’, दुसरीवर लिहा ‘पक्ष्याच्या वळणावर गेला असेल तर’. दहा वर्षांचे मूल दोन्ही हुंगून आईला विचारेल की मग खरा कोणता, आणि आईला पाटी वाचावी लागेल. एका बरणीने ते मूल नाक मुरडून पुढे गेले असते.

ज्यांना ही तडजोड वाटते त्यांनी रंगाची गोष्ट आठवावी. डायनोसॉरांचा रंग कधीही कळणार नाही, हे माझ्या पिढीने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात ठाम शब्दांत लिहिलेले असे. चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या लहान डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत २०१० मध्ये रंगकणांच्या पिशव्या ओळखल्या गेल्या आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते हे समजले. त्याआधी चित्रकारांनी अंदाजाने रंग भरले नसते, सगळे डायनोसॉर राखाडी ठेवले असते, तर काय अधिक शास्त्रीय झाले असते? राखाडी हाही रंगच आहे, आणि बहुधा चुकीचा.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध मात्र मला सर्वांत रोचक वाटतो, आणि तो शेणातून येतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या लॅमेटा नावाच्या, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या खडकांच्या थरांत डायनोसॉरांची अश्म झालेली विष्ठा मोठ्या प्रमाणात मिळते. शेतात नांगर चालला की तपकिरी, चपटे-वाटोळे दगड वर येतात. हे दगड बहुधा टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनोसॉरांचे मानले जातात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. तोपर्यंत समज असा होता की डायनोसॉर असेपर्यंत पृथ्वीवर गवत जवळजवळ नव्हतेच. गवताच्या इतिहासाची तारीख पिसदुऱ्याच्या शेणाने मागे नेली. आता कल्पना करा की एखाद्या संग्रहालयाने २००४ मध्ये टायटॅनोसॉरच्या शेणाचा वास तयार केला असता. त्यात सूचिपर्णी झाडे, सायकस, ताडकुळातली पाने यांचा विचार झाला असता. २००६ मध्ये त्याच बरणीत थोडे आंबलेले गवत घालावे लागले असते, आणि शेजारच्या पाटीवर त्याचे कारण लिहावे लागले असते: पिसदुरा, जिल्हा चंद्रपूर. मुख्य अन्न इतर वनस्पतीच होत्या, गवत त्या मानाने थोडे, हेही त्याच पाटीवर यावे. मी वर ‘बदलण्याची तयारी’ म्हटले ती ही. दर्पाचा फवारा कधी बदलत नाही, कारण तो कोणत्याच पुराव्याला बांधलेला नसतो.

शिवाय शेणाचा वास लंडनमधल्या शाळकरी मुलाला किळसवाणा वाटेल. वरोऱ्याच्या शेतकऱ्याला तो आपल्या गोठ्याची आठवण देईल, आणि टायटॅनोसॉर त्याला राक्षस न वाटता गोठ्यातलेच फार मोठे जनावर वाटेल. कोणता वास घाण आणि कोणता घरचा, हे नाक एकटे ठरवत नाही. सुक्या बोंबलाने एकाच्या तोंडाला पाणी सुटते आणि शेजारचा खिडकी लावून घेतो, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. आज जे वास तयार होतात ते मुख्यतः ज्या देशांत तयार होतात तिथल्या किळसेच्या मापाने तयार होतात. आपल्या संग्रहालयांनी ते जसेच्या तसे आयात करण्यापूर्वी एवढा तरी विचार करावा.

मॅमथच्या बाबतीत तर आपल्या परंपरेकडे सांगण्यासारखे बरेच आहे. २०२३ मध्ये सायबेरियातील एका नर मॅमथच्या सुळ्याच्या थरांत टेस्टोस्टेरॉनचे ठरावीक काळाने येणारे चढ आढळले. हत्तीप्रमाणे मॅमथलाही मद येत असे, याचा हा थेट पुरावा. मदात आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून स्राव पाझरतो आणि त्याच्या सुवासाने भुंगे धावून येतात, हे वर्णन संस्कृत कवींनी इतक्या वेळा केले आहे की तो निव्वळ अलंकार समजून आपण पुढे जातो. २००२ मध्ये आशियाई हत्तींवरील संशोधनात दिसून आले की नुकत्याच वयात येणाऱ्या तरुण नराच्या मदाला खरोखरच मधासारखा गोड वास असतो. प्रौढ नराचा मद मात्र उग्र, नकोसा असतो. आशियाई हत्ती हाच मॅमथचा आजच्या हत्तींतला सर्वांत जवळचा नातलग. तेव्हा मॅमथच्या पुतळ्याशेजारी दोन बरण्या, एक तरुण नराची आणि एक प्रौढ नराची, ठेवायला काय हरकत आहे? इथे तर्काची उडी आहे, पण ती कुठून कुठे मारली ते दाखवता येते. बर्फातला केसाळ प्राणी मधासारखा वास देत असेल, ही गोष्ट मुलाच्या लक्षात राहिली तर मला चालेल.

व्यावहारिक आक्षेप उरतात. दमा असलेल्यांना त्रास होतो, कर्मचाऱ्यांना दिवसभर तोच वास घ्यावा लागतो, गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते, आंबट वाफांनी संग्रहातले शिंपले झिजतात. हे सगळे आक्षेप खरे आहेत आणि ते सगळे हवेत फवारा सोडण्याला लागू होतात. झाकणाच्या बरणीला, जी ज्याला हवी तो उघडेल, त्यांतला एकही फारसा लागू होत नाही. दृष्टिहीन प्रेक्षकाला तर अशी बरणी म्हणजे त्या दालनात स्वतःहून हाताळता येणारी पहिली वस्तू असू शकेल.

आणि पैसे नाहीत म्हणणाऱ्यांसाठी सुरुवात डायनोसॉरपासूनच करायला हवी असेही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही लहान संग्रहालयात एक पेंढा भरलेला वाघ असतोच. त्याच्यासमोर झाकणाच्या डबीत सकाळी शिजवलेला मूठभर आंबेमोहर ठेवावा, रोज बदलावा, आणि पाटीवर लिहावे: ‘हा वाघाचा वास नाही. वाघाच्या वासातला हा एक रेणू आहे. बाकीचे तुम्हाला या डबीत मिळणार नाहीत.’